रॉयनं बस बंद पाडायची ठरवली

बटाट्याला मातीची भर लावता लावता रॉयनं फावडं खाली आपटलं आणि बायकोवर ओरडला, "बस बंद पडली तर पडू दे! पर त्या लेस्टरच्या बाईला म्या मत देणार न्हाई!"

"मग मी डोळ्यात सुई टोचून घ्यायला कशी जाऊ? तुज्या पाठीवर बसून?" ग्लेनिसनं बांधावरनंच विचारलं.

रॉय बोलत होता अर्थात इंग्रजीत. पण इंग्लंडातल्या लिंकनशरच्या या काळ्या रानातली माणसं निम्मे शब्द गिळून बोलतात, आणि माझ्या कानाला ते आमच्या कराडकडच्या बोलीसारखंच ऐकू येतं. म्हणून मी तसंच लिहितो. चुकत असेन तर सांभाळून घ्या. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात बसलेला माणूस. मुलगी श्रद्धा इथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे, म्हणून या गावी येऊन राहिलो. रॉयच्या रानात खुरपायला जातो. मला तण आणि पीक लवकर ओळखू येत नाही, पण रॉय हाकलून देत नाही.

भांडणाचं कारण असं. ग्लेनिसची नजर मंदावत चालली होती. ती टिकावी म्हणून शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागायचं. रॉयची व्हॅन हिवाळ्यात मेली, ती गोठ्यामागं गवतात पडून होती. उरली ती गावातनं जाणारी एकुलती एक बस. आता कौन्सिलची निवडणूक लागलेली. लेस्टरहून येऊन स्थायिक झालेली एक निवृत्त शिक्षिका उभी होती, ती म्हणत होती, बस वाचवीन. नव्या पक्षाचा गडी म्हणत होता, रिकामी बस म्हणजे उधळपट्टी, बंद करा, आणि बाहेरच्यांचे लाड पण बंद करा. त्या गड्याचा फलक रॉयच्या कुंपणावर वाऱ्यानं फडफडत होता.

"पण रॉय," मी भीत भीत म्हटलं, "बस गेली तर नुकसान तुमच्याच घरचं."

"पाव्हणं, तुमी लई वाचलंय, म्हणून तुमास्नी कळत न्हाई." तो फावड्यावर रेलला. "माजा बाप जमीनमालकाच्या पक्षाला मत द्यायचा. मालक मोटार पाठवायचा न्यायला. मतं पडली की येताना चालत! लाल झेंडेवाले आमच्याकडं आलेच न्हाईत, त्यास्नी वाटतं हितं नुसती कोबी ऱ्हाती. ह्यो नवा गडी मात्र माज्या गोठ्यापत्तुर आला. चिकलात बूट बुडलं त्याचं, तरी आला. चा प्याला. आन् ती बाई? तिनं फाटकातनंच हात हलवला."

"मी बी फाटकातनंच हात हलवला असता," ग्लेनिस म्हणाली. "तुजं कुत्रं सुटं व्हतं."

"आणि बाहेरच्यांचं काय?" मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "मी पण बाहेरचाच."

"तुमी? तुमी न्हाई वो! तुमी पाव्हणं!" रॉय मनापासून दचकला.

मतदानाच्या दिवशी समुद्रावरनं येणारा वारा हाडात शिरत होता. आम्ही तिघं चालतच गावाच्या हॉलवर गेलो. रॉयनं लग्नातला कोट घातला होता. मागच्या दोन निवडणुकांना तो 'समदे चोर' म्हणून रुसून घरी बसला होता, त्यामुळं आज त्याच्या चालीत नवरदेवाचा रुबाब होता.

टेबलामागं वेंडी बसली होती, रॉयची सख्खी चुलत बहीण.

"फोटोचं ओळखपत्र," ती म्हणाली.

"वेंडे, म्या रॉय हाय."

"ते दिसतंय मला. ओळखपत्र."

"आगं, ते बाहेरच्यांसाटी हाय! कायदा झाला तवा म्याच पबमदी समद्यांना बिअर पाजली. म्हटलं, आता लबाडी बंद!"

"म्या बी प्यालेली ती. गाडीचं लायसन?"

रॉयनं खिशातनं कागदाची घडी काढली. तरुणपणचं लायसन, त्यावर फोटोच नव्हता. पासपोर्ट त्यानं कधी काढला नव्हता, कारण जायचं कुठं?

"म्हाताऱ्यांचा बसचा पास? तो चालतो," वेंडी म्हणाली.

"म्या काय म्हातारा हाय? आन् बसमदी बसतंय कोण!"

तो तरातरा घरी जाऊन बंदुकीचा परवाना घेऊन आला. त्यावर झकास फोटो होता. वेंडीनं चालणाऱ्या ओळखपत्रांची यादी पाहिली आणि नकारार्थी मान हलवली.

"बंदूक ठेवायला म्या चालतो, आन् फुली मारायला चालत न्हाई?"

"ओरडू नगंस, रॉय. मागं लोक खोळंबलेत."

मागं मीच होतो. मी माझा भारतीय पासपोर्ट पुढं केला. कॉमनवेल्थ देशांतून येऊन राहिलेल्यांना इथं मत असतं. वेंडीनं फोटो पाहिला, मला पाहिलं आणि मतपत्रिका दिली. मला इतकी लाज वाटली की यजमानाच्या कपाटात पाहुण्यानं हात घालावा तसं झालं. ग्लेनिसनं बसचा पास दाखवला आणि ती निमूट आत गेली.

रॉयनं माझी बाही धरली. आवाज खाली आला होता. "पाव्हणं, माज्या गड्यावर मारा फुली. शेजारधर्म म्हणून."

मला नाही म्हणता येत नाही. कधीच आलं नाही. "बघतो," म्हटलं.

आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. रॉयचा कोट आठवला, चिखलात बुडालेले ते बूट आठवले. त्या गड्याबद्दल मला खरंच बरं वाटत होतं. मग शेजारच्या आडोशातून ग्लेनिसचा आवाज आला, "वेंडे, ह्यातलं नाव कोंचं कुटलं, मला दिसंना झालंय. ती भिंगाची पट्टी आण."

मी फुली मारली आणि बाहेर आलो.

"मारली?" रॉयनं विचारलं.

"मारली."

"देव भलं करो तुमचं!" त्यानं माझा हात खांद्यातनं निखळेल इतका हलवला.

लेस्टरची बाई अगदी थोडक्या मतांनी निवडून आली. कौन्सिलात तिच्यासारखी आणखीही चार माणसं आली आणि बस वाचली.

ग्लेनिसच्या पुढच्या इंजेक्शनला रॉयही बरोबर निघाला. शहरात फोटो काढून त्याला बसचा पास करून घ्यायचा होता. "पास पायजेच. पुढच्या निवडणुकीला ही बस बंद पाडायची तर मत लागंल न्हवं?" मी माझं पुस्तक घेऊन त्यांच्या मागच्या बाकावर बसलो होतो.

कोबीची शेतं सरत होती. रॉय मात्र बोटांवर मतं मोजत बसला होता. अखेर तो मागं वळला.

"पाव्हणं, हिचं एक मत. तुमचं एक. पबमदल्यांची हायेतच. तरी गडी पडला कसा?"

मी पुस्तकात डोकं घातलं. ग्लेनिस खिडकीबाहेर पाहू लागली, तिला दिसत नव्हतं तरी.

"कुनीतरी लबाडी केली," रॉय म्हणाला. "आता समद्यांची तपासणी आनखी कडक कराय पायजे."

"व्हय, व्हय," ग्लेनिस म्हणाली आणि त्याचा हात हातात घेतला. "जरा सरकून बस. वळणावर माजा तोल जातो."