दोन शिफ्टची शाळा

परिपत्रकांचं म्हणाल तर एक ना धड, भाराभर चिंध्या. करोनाच्या दुसऱ्या वर्षी एक यायचं, शाळा उघडा म्हणायचं. ते वाचून होईतो दुसरं यायचं, थांबा म्हणायचं. भिवंडीजवळ, राहनाळच्या पलीकडल्या एका गावात रंजिताबाई मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी सगळं निमूट वाचलं. सॅनिटायझरचं अनुदान आलं तेही वरातीमागून घोडं, तोवर बाईंनी बाटल्या पदरमोड करून आणल्या होत्या.

या खेपेचं परिपत्रक मात्र कामाचं होतं. निम्मी मुलं सकाळी, निम्मी दुपारी बोलवा, अंतर ठेवून बसवा. पण पालकांची संमती असेल तरच. शनिवारपर्यंत ती कळवली नाही तर शाळा बंदच राहणार. बाईंचा जीव अडकला होता सातवीतल्या ऋतिकात. पोरगी हुशार, आणि आता आई काशीबरोबर गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवत होती. आणखी थोडे दिवस गेले की ती कायमची तिकडचीच होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बाईंनी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप टाकला. लोकांना त्यांच्या भाषेत कळावं म्हणून 'सत्र' हा जड शब्द मुद्दाम टाळला. "सोमवारपासून शाळा दोन शिफ्टमध्ये भरेल. संमती कळवा."

एकाचीही संमती आली नाही.

मग बाई दारोदार हिंडल्या. मास्क, ताप मोजायचं यंत्र, हात धुवायचे नवे नळ, सगळं सांगून झालं. लोक चहा पाजत आणि "बघू बाई" म्हणत. आता "बघू" म्हणजे काय, ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. शाळा समितीचे अध्यक्ष तुळशीरामशेठ, तेसुद्धा खाली बघत म्हणाले, "बाई, बाकी काय पन सांगा. ह्यात मी गावाला जोर न्हाय करनार." बाईंना रडू आलं आणि रागही आला. रोगाला एवढं भ्यायचं, तर हे लोक गोदामात कसे जातात?

शुक्रवारी संध्याकाळी त्या काशीच्या उंबऱ्याशी ठाण मांडून बसल्या.

"काशीताई, घोडं अडलंय कुठं ते सांगा. करोनाचं भय वाटतं?"

"करोनाचं न्हाय, बाई." काशीनं पदर तोंडाशी धरला. "तुमी शिकल्यासवरल्या. पन पोरींचा जरा इचार करायचा. दिवसाच्या शिफ्टला नंबर लागला तर ठीक हाय. रातच्याला लागला, तर पोरीला रातभर शाळेत कशी धाडू?"

आता बाईंना उलगडा झाला. भिवंडीत लूमवर काय नि गोदामात काय, शिफ्ट दोनच. एक दिवसाची, एक रात्रीची. सांगलीहून बदलून आलेल्या बाईंच्या हे गावीही नव्हतं. सरकारनं निम्म्या पोरांना रातपाळी लावली असं अख्खं गाव समजून चाललं होतं, आणि बाईंना वाईट वाटेल म्हणून कुणी तोंड उघडलं नव्हतं. सोपं करून सांगायच्या नादात ध चा मा खुद्द बाईंनीच केला होता. त्यांना इतकं हसू आलं की काशीही हसायला लागली.

तिथंच बसून बाईंनी ग्रुपवर पुन्हा निरोप टाकला. "एक तुकडी सकाळी, एक दुपारी. दिवेलागणीच्या आत पोरं घरी." गावात जेवणं उरकायच्या आत संमत्या आल्या. पहिली तुळशीरामशेठांची होती.

सोमवारी ऋतिका सकाळच्या तुकडीत आली. तुकडी सुटली, दुपारची पोरं येऊन बसली, तेव्हा बाईंना ती व्हरांड्यात खांबाशी दिसली. दप्तर मांडीवर, सगळ्यांपासून नियमाप्रमाणे लांब.

"अगं, तुझी शिफ्ट सुटली ना?"

"डबल मारते, बाई."

गोदामात एक पाळी संपवून लगेच दुसरीला उभं राहणारे असंच म्हणतात.

"आईला विचारलंस?"

"आयनंच दुपारचा डबा दिलाय. दीड वर्स बुडालं, बाई. एका शिफ्टमधी कसं भरून निघंल?"

परिपत्रकात डबलबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. बाईंनी फळा जरा दाराकडे फिरवला आणि शिकवायला घेतलं.