तिसरं बटण

तीन इंचाचा मासा तीन फुटांचा होतो, हे दुकानदार विकताना सांगत नाही. आणि सांगितलं असतं तरी वाल्मीकराव ऐकणारे होते थोडेच! ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं पत्रा कापलेला माणूस. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी स्वतः लोखंडी स्टँड वेल्ड केला, त्यावर पाच फुटी काचेची टाकी बसवली आणि इंदिरानगरच्या तळमजल्यावरच्या घरात रेडटेल नावाचं ते परदेशी पिल्लू आणून सोडलं. काळी पाठ, पांढरं पोट, लाल शेपूट आणि लांबच लांब मिशा. मिशा बघून ते म्हणाले, "हा तर आमचा फोरमन!" झालं, नाव पडलं.

त्यांच्या बायकोला, मंगलाबाईंना, तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. बरोबर आणलेले बारा छोटे मासे आठवड्यात गायब झाले आणि बाई मांजराला शिव्या देत बसल्या. फोरमन मात्र फुगतच गेला. चौथ्या वर्षी त्याला टाकीत वळता येईना. वळायला गेला की शेपूट एका काचेला घासायची, नाक दुसऱ्या काचेला, आणि त्याच्या पाठीला बाक यायला लागला होता. बघवायचं नाही ते.

तोवर वाल्मीकरावांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तोंडातून एक "हां" तेवढा निघायचा, तोच होकाराला, तोच नकाराला. मग टाकी कुणाच्या गळ्यात? बाईंच्याच. दर दोन दिवसांनी वीस-वीस बादल्या पाणी उपसायचं, तेवढंच भरायचं. कंबरेचे काटे ढिले झाले. शेजारची मनीषा दारातून जाताना नाकाला पदर लावायची.

पण एक गोष्ट बाईंना नाकारता येत नव्हती. एरवी छताकडे बघत बसणारा नवरा कोळंबीची वाटी दिसली की डावा हात उचलायचा. फोरमन वर यायचा, त्यांच्या बोटांतून कोळंबी ओढून घ्यायचा, आणि त्या वाकड्या झालेल्या तोंडावर हसू यायचं. रोज पाच वाजता व्यायाम करून घ्यायला येणारी सविता म्हणायची की माझं अर्धं काम हा मासाच करतो.

दिवाळीनंतर टाकीचा सांधा गळायला लागला. खाली विजेच्या वायरी, शेजारी पांगळा माणूस. आता मात्र काहीतरी करणं भाग होतं. बाईंनी मासा जिथून आणला होता त्या प्रफुल्लला फोन केला. तो म्हणाला, काकू, आम्ही तीन इंची देतो, तीन फुटी परत घेत नाही. आणि नदीत किंवा धरणात अजिबात सोडू नका, तिथले मासे खाऊन संपवेल. बाई म्हणाल्या, माझ्या भावाचं शेततळं आहे, त्यात सोडते. प्रफुल्लने विचारलं, कुठे? बाईंनी "आहे इथंच जवळ" म्हणून फोन ठेवून दिला. निफाड म्हटल्यावर त्याने काही खुसपट काढलं असतं, आणि बाईंना ते ऐकायचंच नव्हतं.

भाऊ किशोर पिकअप घेऊन आला. चौघांनी मिळून फोरमनला ओल्या चादरीत धरलं आणि निळ्या ड्रममध्ये घातलं. वाल्मीकराव खुर्चीत बसून बघत होते. रडतील अशी बाईंना धास्ती होती, पण ते रडले नाहीत. ते डाव्या हाताने टाकीशेजारच्या बोर्डाकडे दाखवत होते. बोर्डावर तीन बटणं होती. एक दिव्याचं, एक मोटारचं. तिसऱ्याची वायर पाण्यातल्या एका काचेच्या कांडीला जायची, थंडी पडली की कांडीवर लाल दिवा लागायचा. त्यापलीकडे बाईंना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी तिन्ही बटणं बंद केली. तरी यांचं बोट तिसऱ्यावरच. "हां. हां."

"बंद केलंय हो, किती वेळा सांगू?" बाई म्हणाल्या आणि नवऱ्याची खुर्ची त्यांनी खिडकीकडे फिरवली. ड्रम एकदाचा दाराबाहेर गेला. बाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

मग त्यांनी नवऱ्याला शब्द दिला. गुढीपाडव्यापर्यंत चालायला लागा, मी तुम्हाला तळ्यावर नेते, तुम्ही आपल्या हाताने त्याला खाऊ घाला. सविताने तेच धरलं. रोज आल्या आल्या म्हणायची, "चला काका, फोरमन वाट बघतोय." आणि काय सांगावं, माणूस जिद्दीला पेटला! रिकाम्या टाकीचा स्टँड धरून उभं राहायचं, पाय ओढायचा, घामाघूम व्हायचं. डिसेंबराच्या सुरुवातीला दोन पावलं झाली, नाताळपर्यंत चार.

किशोर मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचा. हिरव्या पाण्यात फोरमन ऐसपैस वळण घेऊन वळताना दिसायचा, कुठे घासत नाही की आपटत नाही. बाई तो व्हिडिओ स्वयंपाकघरात एकट्यानेच पुन्हा पुन्हा बघायच्या. चार वर्षं ज्याचा राग राग केला त्याला मोकळं फिरताना बघून त्या नकळत हसायच्या. वाल्मीकराव मात्र व्हिडिओ बघायचे आणि बोर्डाकडे बोट करायचे. टाकी परत भरा म्हणत असतील, असं बाई स्वतःला समजवायच्या.

जानेवारीत थंडीची लाट आली. संध्याकाळच्या बातम्यांत निफाडचा पारा पाच अंशांवर आल्याचं सांगितलं. वाल्मीकरावांनी आधी टीव्हीकडे बोट केलं, मग टाकीतल्या कांडीकडे, मग बोर्डाकडे. मग मूठ वळून टाकीच्या काचेवर मारायला लागले. बाईंनी लगेच किशोरला फोन लावला. तो घाईत होता. म्हणाला, तीन दिवस झाले, मासा काय वर आला नाय.

सकाळी मनीषाला घरी बसवून बाई पहिल्या एसटीने निघाल्या. निफाडला पोचल्या तेव्हा आठ वाजले होते आणि सगळ्या बागा धुरात बुडाल्या होत्या. द्राक्षांना ऊब मिळावी म्हणून ओळीओळीत शेकोट्या पेटवल्या होत्या. बोअरचं पाणी वेलींच्या मुळाशी सोडलं होतं, त्याच्या वाफा निघत होत्या.

फोरमन तळ्याच्या कोपऱ्यात कडेलाच होता. आडवा. पांढरं पोट वर आलेलं, तोंड हळूहळू उघडत होतं, मिटत होतं. बाईंनी पाण्यात हात घातला आणि चटका बसावा तसा काढून घेतला. तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लॅस्टिकवरचं ते पाणी बर्फासारखं गार झालं होतं.

त्या धावत बागेत गेल्या. किशोर राखेने माखला होता, डोळे तांबडेलाल. बाईंनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, बोअरचं पाणी तासभर तळ्यात सोड, फक्त एक तास.

"आक्का, मण्यात पाणी उतरलंय. आत्ता पाणी तोडलं तर मणी तडकतील, वर्षाची बाग जाईल. तो मासा हाय, आक्का."

"तो माझ्या घरातल्या माणसाला चालवतोय, किशोर."

किशोरने खाली बघून शेकोटीत काडक्या सारल्या. तो चुकत होता असं बाईंना म्हणता येईना, आणि तेच जास्त लागलं.

वहिनी ललिताने चुलीवर अंघोळीचं पाणी तापवलं होतं. बाईंनी ते पातेलं उचललं, दोर धरून तळ्याच्या कडेला उतरल्या आणि फोरमनच्या डोक्यापाशी ओतलं. वाफ आली आणि गेली. एवढ्या तळ्याला पातेल्याने काय होणार, हे त्यांना कळत का नव्हतं? तरी आणखी दोन पातेली आणली. तिसऱ्याला त्याच्या मिशा हलल्यासारख्या वाटल्या. मग तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. बाई तिथेच प्लॅस्टिकवर बसून ओक्साबोक्शी रडल्या. दुपारी किशोरने त्याला बागेत पुरलं.

परतीच्या एसटीत बाईंनी सगळं ठरवलं. मोबाइलमध्ये अकरा व्हिडिओ होते. आठवड्याला एक दाखवला तरी पाडवा येतो. तोवर पाय मोकळा होईल, मग सांगू काहीतरी.

दार उघडलं तर वाल्मीकराव उभे होते. कुणाचा आधार नाही, सविता नाही, नुसता स्टँड धरून. मागे मनीषा कौतुकाने सांगत होती की सकाळपासून चौथ्यांदा उठलेत, ऐकतच नाहीत.

बाईंनी हसून मोबाइल पुढे केला. व्हिडिओ सुरू झाला. वाल्मीकरावांनी तो पाहिलाच नाही. ते बाईंच्या तोंडाकडे बघत होते, रडून सुजलेल्या डोळ्यांकडे, धुराचा वास येणाऱ्या शालीकडे. मग त्यांनी डावा हात बोर्डाकडे नेला आणि तिसरं बटण दाबलं. कोरड्या टाकीत लाल दिवा लागला. जरा वेळाने तापून कांडीची काच तडकली. बाईंनी झडप घालून बटण बंद केलं.

"तुम्ही दाखवत होतात," त्या म्हणाल्या. "मला विचारता आलं असतं. प्रफुल्लला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, की या माशाला ऊब लागते. मला तो घरातून जायला हवा होता, म्हणून नाही विचारलं. गेला तो. सकाळी गेला."

वाल्मीकराव मागे सरकत खुर्चीत बसले. "हां" म्हणाले नाहीत.

पाच वाजता सविता आली. चपला काढता काढताच नेहमीसारखी म्हणाली, "चला काका, फोरमन वाट बघतोय."

वाल्मीकरावांनी डावा हात आपल्या अंगावरच्या शालीत ओढून घेतला. सविताने दोनदा हाक मारली, हसून मारली, मग तिने बाईंकडे पाहिलं. बाई टाकीतून तुटलेल्या काचा वेचत होत्या. पाडव्याला तो स्टँड भंगारवाल्याने नेला, तेव्हाही वाल्मीकराव खुर्चीतच होते.