हिरव्या तारेचं अर्थिंग

अ‍ॅम्प्लिफायर चालू केला, गिटारची तार अजून छेडलीही नव्हती, आणि तो स्वतःच बोंबलायला लागला. घूंऽऽ. काल दुपारी हाच खोका इतका शांत होता की चालू आहे की नाही हे बघायला मी स्पीकरला कान लावला होता. आज नुसतं बटण दाबलं आणि दुकानात भुंगा शिरला. माझं डोकंच फिरलं.

आमचं दुकान यवतमाळात, लोहाऱ्याच्या रस्त्यावर. अब्बा जळक्या मोटारींचं वाइंडिंग करतात, माझा मोठा भाऊ अब्रारभाई घरांची वायरिंग करतो, आणि पंखे, मिक्सर, रेडिओ माझ्या वाट्याला. पण मी दुरुस्त केलेली कोणतीही वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात देताना अब्बांचं वाक्य ठरलेलं: "अब्रारनं पाह्यलं हाय, बिनधास्त न्या." काम माझं आणि विश्वास अब्रारवर!

हा अ‍ॅम्प्लिफायर मात्र माझाच होता. बादल राठोड ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याला जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा गोड आवाज हवा होता. मी सर्किटचा नकाशा शोधला, जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह गोळा केले, एकेक तार स्वतः जोडली. या घरात व्हॉल्व्हमधलं दुसऱ्या कोणाला काही कळत नाही. म्हणून मी अब्बांना बजावलं होतं, या वेळी माझं नाव घ्यायचं. "आधी वाजू तर दे," ते हसत म्हणाले होते. आणि आज बादल संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी तो पांढरकवड्याला घेऊन जायला येणार होता.

मी गिटारची वायर काढली. घूं तशीच. आवाजाचं बटण शून्यावर नेलं. घूं थोडी उतरली, गेली नाही. पहिला व्हॉल्व्ह उपटला तर एकदम शांत. दुसरा लावला, पुन्हा घूं. म्हणजे व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष होता. गडबड त्याच्या पायाशी होती.

प्लग काढला, कंडेन्सरमध्ये साठलेला करंट उतरवला आणि खोका उलटा केला. व्हॉल्व्हची आतली वात तापवायला दोन हिरव्या तारा जातात. त्या एकमेकींत पीळ देऊन ठेवाव्या लागतात, आणि दोघींना एकेक सारखा रेझिस्टन्स लावून जमिनीशी, म्हणजे खोक्याच्या पत्र्याशी, समतोल धरावा लागतो. तो समतोल बिघडला की घूं. मी दोन्ही रेझिस्टन्सना बोट लावलं. एक थंडगार, दुसऱ्याचा चटका बसला.

मग दिसलं. एका हिरव्या तारेपासून खोक्याच्या पत्र्यापर्यंत एक नवा तुकडा जोडलेला होता, वर सोल्डरचा हा एवढा गोळा. मी असले गोळे ठेवत नाही. आमच्या घरात ते एकच माणूस ठेवतो.

"अब्रार!" मी ओरडले. 'भाई' कुठल्या कुठे गेलं.

तो गल्ल्यापाशी चहा पीत होता. "काय झालं?"

"हे तू केलं?"

"हो, सकाळी. दोन हिरव्या तारा दिसल्या अन् एकही अर्थिंगले नाही. म्हटलं इसरली असशीन. एक जोडून देल्ली."

"हिरवी म्हंजे अर्थिंग हे तुह्या घराच्या वायरिंगमंदी! इथं हिरव्या तारा व्हॉल्व्ह पेटवतात. अर्थिंगची पिवळ्या पट्ट्याची तार त्या बोल्टाले लावली हाय, दिसली नाही? अन् माणूस मारते ते लाल तार, तिच्याकडं त ढुंकूनही पाह्यलं नाही तू!"

"तुले करंट लागला असता त?"

"मले इचारलं असतं त तोंड झिजलं असतं?"

"त्यात इचारायचं काय? मी त सगळंच उघडून पाहतो."

बोलून गेला आणि कप तसाच हातात धरून बसला.

"सगळंच?"

"तुहे पंखे, मिक्सर. अब्बा गिऱ्हाइकाले सांगतात अब्रारनं पाह्यलं. मंग पाहून नको घेऊ? अब्बाले खोटं पाडू का?"

"अन् काय सापडलं?"

"काही नाही."

"कधीच?"

"नाही म्हटलं ना."

एखादी चूक सापडली असती तर मी निमूट ऐकून घेतलं असतं. पण माझ्या पाठीमागे माझं प्रत्येक काम उघडलं, एकही खोट मिळाली नाही, स्क्रू पुन्हा आवळले आणि शाबासकी स्वतःच्या खिशात घातली! अब्बा मोटारीत तोंड खुपसून बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

मी तो तुकडा कापला, गोळा वितळवून पुसून काढला, तारांचा पीळ नीट केला. बटण दाबलं. व्हॉल्व्ह लालसर पेटले आणि दुकानात फक्त बाहेरच्या ऑटोंचा आवाज उरला.

बादल आला, गिटार लावली आणि वाजवता वाजवता हसायलाच लागला. "आमची याडी, माही माय, पार घरी बसून आयकन हे! अब्रारभाऊ, मानलं तुमाले."

अब्रार खाली बघू लागला. अब्बा मोटारीला तार गुंडाळत राहिले. मी वाट पाहिली. मग मी प्लग उपटला.

"बादल, हा कोणं बनवला ते या दोघांले इचार. ते सांगत नाहीत तोवर खोका इथून हालणार नाही."

"बेटा, गिऱ्हाईक उभं हाय," अब्बा हळूच म्हणाले.

"उभं राहू द्या."

बादल गोंधळून दोघांकडे बघत राहिला. बाहेर त्याच्या ऑर्केस्ट्राची गाडी हॉर्न देत होती.

"इनं बनवला," अब्रार म्हणाला. "म्या बिघडवला होता."

"अब्बा?"

अब्बांनी हातातली तार खाली ठेवली. "नुजहतनं बनवला," ते बादलला म्हणाले. "पंखे, मिक्सरही नुजहतच दुरुस्त करते."

हे ऐकायला किती आसुसले होते मी! आणि आता ऐकलं तर राग तसूभरही कमी झाला नाही. भांडून काढावं लागलं होतं ते.

मी खोका उचलला. जड होता. अब्रार मदतीला पुढे आला.

"हात लावू नको," मी म्हटलं, आणि एकटीनं तो गाडीत नेऊन ठेवला.