खाट नंबर चौदाचा फरार

सहादू गांगुर्डे जकात नाक्यावर कारकून होता, पण नाशकात लोक त्याला ओळखायचे ते पत्रांमुळे. शाळा सातवीतच सुटली. पुढचं सगळं तो वर्तमानपत्रं वाचून आणि माणसांशी भांडून शिकला. अठ्ठ्याहत्तर साली त्याच्या वस्तीतला निवृत्तीबाबा सरकारी दवाखान्याच्या बाकावर दोन दिवस बसून राहिला. दाखल करत नव्हते आणि घरीही पाठवत नव्हते. विचारलं की एकच उत्तर, 'देखरेखीखाली आहे'. बाकावरच्या माणसाचं नाव वॉर्डाच्या वहीत नसतं, त्याला जेवण नसतं, तो उठून गेला तर त्याला कुणी हाक मारत नाही. निवृत्तीबाबा तिसऱ्या दिवशी उठून घरी गेला आणि घरीच मेला.

सहादूचं डोकं फिरलं. त्याने पेपरात असलं पत्र लिहिलं की साहेब लोकांचा चहा थंड झाला. मग दुसरं, मग तिसरं. एका खाटेवर एकच माणूस हवा. जमिनीवर गादी टाकून कुणाला दाखल करायचं नाही, आम्ही काय जनावरं आहोत? आणि शिकाऊ डॉक्टरांनी माणसं हाकलायची नाहीत, मोठ्या डॉक्टरांच्या सहीशिवाय कुणाला घरी सोडायचं नाही. सगळं मान्य झालं. सहादू वर्षभर छाती पुढे काढून चालत होता.

ऐंशी सालच्या एका शनिवारी सकाळी त्याच छातीत कळ आली.

आदल्या दिवशी मेव्हण्याकडे मटण झालं होतं आणि सहादूने रश्श्यावर काही दया दाखवली नव्हती. पण छाती ती छातीच. तो दवाखान्यात गेला. शिकाऊ डॉक्टरने कार्डिओग्राम काढला, म्हणाला, ठीक दिसतंय, संध्याकाळपर्यंत बाकावर बसा, देखरेखीखाली ठेवतो. बाकावर? ज्याने त्या बाकाविरुद्ध तीन पत्रं लिहिली, त्याने तिथे बसायचं? सहादूने ते पोराला मोठ्या आवाजात समजावून सांगितलं. पोराला चौथं पत्र डोळ्यांपुढे दिसलं असावं. वॉर्डात एकच खाट रिकामी होती, चौदा नंबरची. ती त्याने सहादूला दिली.

सहादू खाटेवर पडला, लाल कांबळं ओढलं, आणि तासाभरात त्याला एक ढेकर आली. अशी आली की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा जागा झाला. ढेकरेबरोबर कळ गेली. आता हक्काच्या खाटेवर एक ठणठणीत माणूस पडला होता. मोठे डॉक्टर सोमवारी येणार होते आणि सही त्यांचीच लागत होती.

दुपारी पाय मोकळे करायला तो बाहेर आला, तर बाकावर पेठ तालुक्यातला एक जण बसलेला. केरू नाव. पोटरीला लुगड्याची चिंधी करकचून बांधलेली. सकाळी गवतात काहीतरी चावलं होतं, काय ते दिसलं नव्हतं. त्याची बायको मैना गाठोडं बांधत होती. शिकाऊ डॉक्टर हातापाया पडल्यासारखा सांगत होता की थांबा, सूज चढते का बघायचं आहे, विष असेल तर उशिरा कळतं.

"नुसतं बघायचंच हाय ना?" मैना म्हणाली. "मंग घरी बघू. बघणारी मानसं घरी लय हायेत."

साडेतीनची पेठ गाडी होती. घरी लेकरू होतं, शेळ्या होत्या. डॉक्टर सहादूकडे न बघता पुटपुटला की दाखल केलं असतं, पण खाट नाही आणि खाली गादी टाकायची बंदी आहे. बंदी कुणी आणली हे तो बोलला नाही. भला माणूस होता.

सहादू केरूशेजारी बसला. म्हणाला, दादा, जाऊ नको, हे विष वाईट असतं. चिंधीखाली पोटरी सुजायला लागली होती.

"नाव लिवलं असतं तं थांबलो असतो," केरू म्हणाला. "सरकारात नाव लागलं की मानूस उठत नाय. इथं आमचं नावच नाय." मग त्याने सहादूच्या अंगावरच्या दवाखान्याच्या सदऱ्याकडे बघितलं. "तुमाला काय चावलं?"

"मटण," सहादू म्हणाला. खोटं बोलायला जीभच वळली नाही.

तो उठून नोंदणीच्या टेबलाकडे गेला. तिथला रंगनाथ त्याची पत्रं पाठ असलेला माणूस. चौदा नंबर त्या केरूला द्या, सहादूने सांगितलं.

"खाट सोमवारपर्यंत तुमच्या नावावर आहे, गांगुर्डे साहेब. नाव कटायला तीनच वाटा. सुट्टी, मृत्यू, नाहीतर फरार. सुट्टीला सही लागते. मेल्याचा दाखला मी तुम्हाला देऊ शकत नाही."

"फरार लिहिलं तर?"

"तर पोलीस चौकीला कळवावं लागतं. चौकीत रोज संध्याकाळी पेपरवाला बातम्या घ्यायला येतो."

सहादूने हिशेब केला. ज्या पेपरात त्याची पत्रं यायची, त्यातच उद्या तो पळालेला छापून येणार. वस्तीत, नाक्यावर, सासुरवाडीत. त्या क्षणी त्याला केरूच्या पायापेक्षा स्वतःच्या नावाची जास्त काळजी वाटली, आणि तेवढ्यासाठी स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. घड्याळात पावणेतीन झाले होते.

"लिहा," तो म्हणाला. "मी पळालो."

"आधी शोध घ्यावा लागतो," रंगनाथ म्हणाला. त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं. मग समोर उभ्या असलेल्या सहादूच्या तोंडावर दोनदा हाक मारली, "सहादू गांगुर्डे, सहादू गांगुर्डे," आणि सापडत नाही अशी मान हलवून पेन उचललं.

सहादूने सदरा काढून खाटेवर टाकला, आपला शर्ट चढवला. दारात वॉर्डातली आया सुलाबाई उभी होती. कुठं चाललात, तिने विचारलं.

"पळून चाललोय."

"मग चपला तरी घाला," सुलाबाई म्हणाली.

त्याने चपला घातल्या. मागे रंगनाथ केरूचं नाव, गाव, वय विचारत होता, आणि मैना सोडलेलं गाठोडं मांडीवर घेऊन प्रत्येक अक्षर लिहिताना बघत होती.

तो समोरच्या हॉटेलात तोंड लपवून बसला. साडेतीन वाजले, पेठ गाडीची वेळ टळली. पाचला सुलाबाई पान घ्यायला आली, तेव्हा कळलं की चार वाजता केरूच्या हिरड्यांतून रक्त आलं, लगेच विषावरची सलाईन लावली, आता बोलतोय. गाडीत असता तर घाटातच गेला असता.

रविवारी बातमी आली, चार ओळींची. वर मथळा, 'पत्रलेखक रुग्णालयातून पळाले'. सहादूने खुलाशाचं पत्र लिहायला कागद घेतला. खरं लिहिलं तर रंगनाथची नोकरी जाणार, आणि खोटं त्याला लिहिता येत नव्हतं. कागद कोराच राहिला.

सोमवारी नाक्यावर मल्हारी शिपायाने सगळ्यांदेखत विचारलं, "का हो गांगुर्डे, सुई बघून पळालात म्हणे?"

"मोठी होती रे," सहादू म्हणाला आणि ट्रकच्या पावत्या फाडायला लागला.