चिंचेने झिजलेलं वजन

मला हातात घ्यायचं असेल तर जरूर घ्या, मित्रांनो, पण आधी हात कोरडे करा. घामाची बोटं मला सोसत नाहीत. मी एक जुनं पितळी वजन आहे, बरोब्बर एक किलोचं. डोक्यावर धरायला बोंडासारखी मूठ, बुडाला सरकारी शिक्का, आणि स्वभाव म्हणाल तर जरा तिरसटच. कुणाच्याही भिडेखातर कणभर कमी नाही आणि कणभर जास्त नाही, अशी ज्याची जन्मभराची नोकरी, त्याचा स्वभाव गोड कसा असणार?

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तापलेलं पितळ साच्यात ओतलं, गार झाल्यावर लेथवर चढवलं. मग सोनबा नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने मला तराजूत ठेवलं, कानशीने घासलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा घासलं. तराजूचा काटा मधोमध स्थिरावला तेव्हा त्याने मला धोतराच्या सोग्याने पुसलं आणि म्हणाला, "जा बाबा. आता खोटं बोलू नको म्हणजे झालं." ते मी आजवर पाळलं.

तिथून मी आलो भोसरीला, एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात. तुमच्या घरातल्या विजेच्या बटणाच्या आत, जिथे धातू धातूला शिवतो तिथे, चांदीचा इवलासा ठिपका असतो. तो आमच्याकडे बनायचा. चांदी यायची दाण्यांच्या रूपात, पिशव्यांतून. ती तोलून घ्यायची आणि तोलूनच कारागिरांना द्यायची. हे काम स्टोअर सांभाळणाऱ्या रुक्मिणीबाईंचं. त्या जवळच्या निघोजे गावच्या. पहाटे भाकरी बांधून घेऊन कंपनीच्या बसने यायच्या आणि आल्या आल्या मला पेटीतून बाहेर काढायच्या. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात मी आणि माझे भाऊबंद, दुसऱ्यात चांदी. पारडी समोरासमोर आली की त्या म्हणायच्या, "झालं. ना देवाचं, ना दैत्याचं." कारखान्याचे मालक गुरुदत्तसाहेब पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, "आमच्या मावशींच्या हातून चांदीचा कण सांडत नाही." ऐकून बाईंपेक्षा मीच जास्त फुगायचो.

वर्षातून एकदा माझी मोठी चैन असे. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. आदल्या दिवशी रुक्मिणीबाई चिंच भिजत घालायच्या आणि मला असं लख्ख घासायच्या की माझ्यात त्यांचा चेहरा दिसावा. मग हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. खरं सांगायचं तर वजनाला असं घासू नये. कणभर पितळ जातं त्यात. पण त्या मायेच्या हाताला नको कसं म्हणणार?

अन् मग विजेवर चालणारा नवा वजनकाटा आला. जर्मनीतला एक कारखाना बंद पडला होता, तिथून तो बोटीने आला. स्टीलचं ताट, हिरवे आकडे, आणि बाजूला तिकडच्या तपासनिसांचं चिकटवलेलं सील. गुरुदत्तसाहेबांनी त्याच्यापुढे नारळ फोडला आणि बजावलं, "या सीलला कुणी हात लावायचा नाही. तिकडच्या लॅबने सेट केलाय. यात चूक निघणार नाही." तराजू माळ्यावर गेला. मी पेटीत गेलो. म्हातारपण येतं ते असं, मित्रांनो. कुणी रागावत नाही, फक्त हाक मारायचं थांबतात.

पहिलीच चांदी आली ती दहा किलोची. नव्या काट्यावर तीस ग्रॅम कमी भरली. चांदीवाला पुण्याचा, जुन्या ओळखीचा. तो शपथेवर सांगू लागला की आमच्याकडे पुरती भरली होती. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. रुक्मिणीबाई बावरल्या. त्यांनी मला पेटीतून काढलं.

"आपलं वजन ठिवून बगा की साहेब. ह्ये किलोचं हाय, सरकारी शिक्क्याचं."

मला काट्यावर ठेवलं. हिरवे आकडे थरथरले आणि थांबले. नऊशे सत्त्याण्णव! मित्रांनो, मला तर भोवळच आली. मी एक किलो नव्हे? मग इतकी वर्षं मी होतो तरी कोण?

सुपरवायझर दिग्विजय खो खो हसला. "अहो मावशी, दरवर्षी चिंचेनं घासता, मग झिजणार नाही तर काय! पितळ आहे ते, हिरा नाही!"

सगळे हसले. रुक्मिणीबाईसुद्धा हसल्या, कसनुशा. पण चिंचेने तीन ग्रॅम पितळ जायला माझे सात जन्म घासावे लागले असते, एवढा हिशेब कुणीच केला नाही. जर्मनीचं सील खरं आणि भोसरीचं पितळ खोटं, हे सगळ्यांना आधीच पटलेलं होतं.

हसण्याचं रूपांतर कुजबुजीत व्हायला वेळ लागला नाही. पिशवी गेटमधून स्टोअरपर्यंत कुणाच्या हातात असते? बाईंच्या. संध्याकाळी घरी जाताना गेटवरचा भैरू त्यांचा डबा उघडायला लावू लागला. बिचारा खाली मान घालून म्हणायचा, "वरून हुकूम आहे, मावशी." बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहू लागली. बस तीच, गाव तेच. निघोज्याला बातमी त्यांच्याआधी पोचायची. शेवटी एक दिवस गुरुदत्तसाहेब स्टोअरमध्ये आले आणि खिडकीबाहेर बघत बोलले, "मावशी, चौकशी पुरी होईपर्यंत तुम्ही घरीच थांबा. चोरीचा मामला आहे, माझाही नाइलाज आहे."

चोरी! तो शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारला गेला. बाई रडल्या नाहीत. मला पुसून पेटीत ठेवताना एवढंच पुटपुटल्या, "आधी तुला खोटं ठरिवलं, मग मला." पेटीचं झाकण मिटलं. मला डोळे असते तर मी रडलो असतो.

बाई गेल्या. चांदी येत राहिली. आणि तूट? तेवढीच! किलोमागे तीन ग्रॅम, हलायला तयार नाही. तेव्हा कुठे क्वालिटीचं काम बघणाऱ्या नीलिमाताईंच्या कपाळावर आठी पडली. त्या उठल्या आणि गल्लीत निघाल्या. वाण्याचं किलोचं वजन मागून आणलं. भंगारवाल्याचं आणलं. भाजी विकणाऱ्या गोजाबाईंनी तर आधी चार शब्द सुनावले आणि मग दिलं. सगळी एकेक करून काट्यावर चढली. नऊशे सत्त्याण्णवच्या आसपासच सगळी!

नीलिमाताई दिग्विजयकडे वळल्या. "काय रे, सगळी भोसरी चिंचेनं घासते का?"

मग ताईंनी गुरुदत्तसाहेबांना जे समजावलं ते मी कान देऊन ऐकलं, कारण ते माझंच कुळपुराण होतं. तुम्हीही ऐका.

मला सगळे 'वजन' म्हणतात, पण ते खरं नाही. माझ्यात जे आहे ते पितळ, आणि ते जिथे जाईन तिथे तेवढंच. त्याला वस्तुमान म्हणतात. वजन म्हणजे पृथ्वी त्या पितळाला जी ओढ लावते ती. आणि ही ओढ सगळीकडे सारखी नसते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती पोटाशी जराशी फुगलेली आणि ध्रुवांशी जराशी चपटी आहे. आपण त्या पोटाच्या बाजूचे. इथे केंद्र थोडं लांब पडतं, आणि फिरण्यामुळे बाहेर फेकलं जाणंही जास्त, म्हणून ओढ थोडी सैल. त्यात आपली भोसरी घाटावर, समुद्रापासून उंच, म्हणून अजून किंचित कमी. जर्मनी ध्रुवाच्या बाजूला, तिथली ओढ घट्ट. नवा काटा ओढ मोजतो. तिकडच्या घट्ट ओढीला किलो म्हणायला शिकून तो इकडे आला आणि सीलला हात लावायचा नाही म्हणून त्याला इथलं कुणी शिकवलंच नाही. आमच्या जुन्या तराजूला मात्र अशी भूल पडत नाही. ओढ सैल झाली तर दोन्ही पारड्यांना सारखीच होते.

माळ्यावरचा तराजू उतरवला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्या काट्यावर नऊशे सत्त्याण्णव भरलेली चांदी. पारडी समोरासमोर येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि नीलिमाताई निघोज्याला गेले. ताईंनी मला रुमालात गुंडाळून बरोबर घेतलं होतं. रुक्मिणीबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पाहुण्यांना सतरंजी टाकली, पाणी दिलं. आल्यागेल्याचं करायची रीत त्यांनी मोडली नाही. ताईंनी पृथ्वीचं सगळं सांगितलं. बाईंनी ते शांतपणे ऐकलं आणि मला मांडीवर घेतलं.

"म्हंजे ह्यो झिजला न्हवता?"

"नाही मावशी. तसूभरही नाही."

"मला ठावं व्हतं." त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. तेवढ्यात डोळ्यांतून पाणी आलंच.

गुरुदत्तसाहेबांनी हात जोडले. "मावशी, काट्याची चूक झाली. उद्यापासून कामावर या."

बाईंनी पदराने डोळे पुसले. आवाज चढवला नाही.

"काट्याची न्हाई साहेब. काट्यानं म्हनलं, वजन कमी हाय. चोर तुमी म्हनला."

बाईंनी चहा केला, साहेब तो निमूटपणे प्यायले. निघताना बाईंनी मला पुसून ताईंच्या हातात दिलं. कामावर येते असं त्या म्हणाल्या नाहीत आणि पुढेही आल्या नाहीत.

मित्रांनो, आता माझा थाट मोठा आहे. मखमलीची पेटी आहे, हातमोजे घातल्याशिवाय मला कुणी उचलत नाही, चिंच तर औषधालाही नाही. रोज सकाळी आधी मी काट्यावर चढतो, मगच चांदी. वजनांना असंच जपावं, तुम्हीही जपा. आणि कधी हातात कमी आकडा आला, तर तो कुठल्या मातीत शिकून आलाय ते आधी विचारा. तो आकडा कुणा माणसाच्या माथी मारायची घाई करू नका. काट्याचं सील तोडून इथल्या ओढीचं सेटिंग करायला नीलिमाताईंना चहा निवेपर्यंतचा वेळ लागला. निघोज्याच्या बसमध्ये रुक्मिणीबाईंच्या शेजारी कुणी बसायला लागलं की नाही, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.