पिशवीभर बोटुकली

पिशवी हलली की आतले मासे आधी एकाच बाजूला तोंड करत, आणि पाणी थांबलं की एकेक जण आपापल्या दिशेला वळे. तळाशी असलेले सगळ्यात शेवटी वळत. बोटाच्या दोन पेरांएवढी पिल्लं, पाठीवर करडी, आणि इतकी पातळ की एखादं उन्हाच्या कवडशात आलं की त्याच्या पोटातली काळी रेघ बाहेरून दिसे. चहा निवत चालला होता, तरी रंजीता पाहतच राहिली.

"काय पाहून राह्यल्या बाई? खायाचे नाईत ते," मागून कुणीतरी म्हणालं. "बीज होय. खायाच्या लायक व्हायले साल लागते."

साठीच्या आसपासचा, काटकुळा माणूस होता. त्याची जुनी लुना टपरीच्या खांबाला टेकून उभी होती. लुनाच्या पुढच्या जागेत एक पिशवी होती आणि दुसरी बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोच्या मांडीवर. दोन्ही पिशव्या निम्म्या पाण्यानं आणि निम्म्या हवेनं टम्म फुगलेल्या, तोंडं रबरानं करकचून बांधलेली, आणि वरून ओलं पोतं गुंडाळलेलं. पोत्याच्या फटीतून रंजीताला मासे दिसत होते.

"रोहू का?" तिनं विचारलं.

"रोहू हाय, कतला हाय. बोटुकली म्हन्तेत याले." त्यानं तिच्या मोटरसायकलकडे पाहिलं, मग गुडघ्यापर्यंत चिखल उडालेल्या पॅंटकडे. "ही तुमचीच गाडी? मी म्हटलं कोन्या पोराची असन."

"मले तं तूच पोरगा वाटली," त्याची बायको म्हणाली. "टोपा काढला तवा वेणी दिसली."

तिघंही हसली. त्याचं नाव खुशाल, तिचं भागीरथा. आरमोरीच्या अलीकडच्या एका गावात त्यांच्या मच्छीमार सोसायटीकडे तलाव होता, आणि यंदाचं बीज सोडायची पाळी या दोघांची होती. रंजीतानं आपलं सांगितलं. वरोऱ्याला राहते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, गणपतीच्या सुट्टीत एकटीच गाडी घेऊन निघाली. पहिला मुक्काम मोहर्लीला केला, आता गडचिरोलीवरून पुढे जाणार.

"मोहर्लीले वाघ दिसला?"

"नाही."

"पैसे देऊन नाई दिसत तो," खुशाल म्हणाला. "आमाले पाहाचा नसला का मंग दिसते."

"आन नवरा कुठी हाय तुहा?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"वरोऱ्यालाच. जिनिंगमध्ये असतो."

"लेकरं?"

या प्रश्नाला रंजीताचं उत्तर तयार असे. पूर्वी ती 'नाहीत' म्हणायची. मग समोरच्याचा चेहरा बदलायचा आणि त्यापुढचे प्रश्न यायचे, डॉक्टरांची नावं यायची, देवांची यायची. एकदा एसटीत शेजारच्या बाईला ती सहज म्हणून गेली, 'एक मुलगी आहे, बालवाडीत.' ती बाई समाधानानं हसली आणि खिडकीबाहेर बघू लागली. इतकं सोपं होतं ते. तेव्हापासून अनोळखी माणसांसाठी ही मुलगी होती, आणि दर जूनमध्ये रंजीता तिला एक वर्ग पुढे घालायची.

"एक मुलगी आहे. चौथीत."

"नाव काय पोरीचं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. टपरीवर मोबाइल रिचार्जचा एक फलक होता. त्यावरच्या दुकानाच्या नावाकडे तिची नजर गेली. "रोशनी," ती म्हणाली.

"छान हाय नाव. माय इतक्या दूर आली तं रडत नाई का?"

"बाबांजवळ आहे ना." रंजीतानं उरलेला चहा एका घोटात संपवला.

ती निघायच्या बेतात असतानाच खुशालनं लुना खांबापासून ढकलली आणि तिथेच थांबला. मागचं चाक जमिनीला टेकून चपटं झालं होतं. पंक्चरवाला गावात, तिथवर लुना ढकलत न्यायची. ऊन वर चाललं होतं. नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनीही पिशव्यांकडे.

"बाईंना आणि पिशव्यांना मी पोचवते," रंजीता म्हणाली. "मला त्याच बाजूला जायचंय."

खुशालनं नाही-नाही केलं, भागीरथाबाईंनी त्याला एका शब्दानं गप्प केलं आणि लुगडं खोचून त्या मागे बसल्यासुद्धा. एक पिशवी त्यांच्या मांडीवर. दुसरी रंजीतानं पेट्रोलच्या टाकीवर ठेवून जाळीच्या पट्ट्यानं बांधली.

"पोतं ओलं ठेवजा," खुशाल मागून ओरडला. "आन खड्ड्यात हळू!"

वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत भागीरथाबाई ताठ बसल्या होत्या. पुलावर वारा लागला तसे त्यांचे हात रंजीताच्या खांद्यावर आले आणि तिथेच राहिले. त्या बोलत होत्या. कुठल्या बांधीतलं धान यंदा चांगलं, कुठल्या वळणावर रानडुक्कर आडवं येतं, खुशालनं लग्नाच्या वेळी आपल्याला पोहता येतं असं कसं खोटंच सांगितलं होतं. "ढिवराचा पोरगा आन पोहता येत नाई! मी शिकवलं त्याले. कोनाले सांगू नको."

रंजीता हेल्मेटच्या आत हसत होती. गेल्या तीन दिवसांत ती चहावाल्यांशी आणि लॉजवाल्यांशी बोलली होती, पण तिच्या खांद्यावर कुणाचा हात पडलेला नव्हता.

घरी प्रफुल तिच्या उत्तराची वाट पाहत होता. नागपूरच्या दवाखान्यात त्यांचं एक भ्रूण गोठवून ठेवलेलं होतं. शेवटचं. आधीच्या प्रत्येक खेपेला इंजेक्शनं झाली, पंधरवडाभर श्वास रोखून बसणं झालं, आणि मग बाथरूमच्या दारामागचं ते सगळं झालं. आता आणखी एकदा करायचं की नाही, हे दवाखान्याला कळवायचं होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून ती 'सांगते' म्हणत होती. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करायला हरकत नाही. आई म्हणाली, एकदा, फक्त एकदा. प्रफुल म्हणाला, "तू म्हणशील ते." तो मनापासून म्हणाला होता, आणि तेच तिला सगळ्यात जड गेलं होतं. निघताना ती म्हणाली, "परत आले की सांगते," आणि त्यानं गाडीच्या चाकातली हवा तपासून दिली.

मुख्य रस्ता सोडल्यावर वाट बिघडली. दुसऱ्या गिअरच्या वर गाडी जाईना. पोत्यातून निथळणारं पाणी किल्लीच्या खाचेत उतरू लागलं होतं. वायरिंगमध्ये पाणी गेलं तर या रानात गाडी बंद पडेल, आणि मग मासेही गेले. रंजीतानं क्षणभर थांबून पोतं काढलं, पिळलं आणि बाजूच्या बॅगेत खोचलं. पिशवी कोरडी, घट्ट, नीट बसली. मागे मांडीवरची पिशवी सावरत बसलेल्या भागीरथाबाईंना ते दिसलं नाही, आणि तिला सांगावंसंही वाटलं नाही, इतकी ती साधी गोष्ट होती.

तलाव मोठा होता. एका कडेला कमळं, दुसऱ्या कडेला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोहाची झाडं. भागीरथाबाई लुगड्याचा काचा मारून गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि आपल्या मांडीवरची पिशवी न उघडता तशीच पाण्यावर तरंगत सोडली. "आन दुसरी."

रंजीतानं टाकीवरची पिशवी उचलली. तिच्या तळव्यांना ते आधी कळलं. पिशवी कोमट होती. खालची बाजू तर चांगलीच गरम. वर ऊन, खाली पेट्रोलची टाकी, टाकीखाली तासभर दुसऱ्या गिअरमध्ये कण्हणारं इंजिन. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, हे ती दरवर्षी अकरावीच्या मुलांना शिकवत होती. तिनं पिशवी उजेडात धरली. तळाशी पांढरी पोटं वर करून मासे पडले होते. वरचे काही अजून तोंडं उघडत होते.

"बाई," ती म्हणाली, "मी पोतं काढलं होतं."

भागीरथाबाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "काऊन?"

"किल्लीत पाणी जात होतं."

"अवो माय." एवढंच म्हणून त्यांनी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि पहिलीच्या शेजारी अलगद पाण्यावर सोडली.

"उघडू या ना ही. जे जिवंत आहेत ते तरी..."

"आत्ता खोलली तं तेही जातीन. आतलं पानी आन बाहेरचं पानी एक होऊ दे. बस थोडी."

हे रंजीतालाही ठाऊक होतं. ठाऊक असूनही बसवेना. ती पाण्यात उतरून तिथेच उभी राहिली. भागीरथाबाई कमळांकडे गेल्या, बोंडं खुडून ओटीत टाकत राहिल्या आणि मधूनमधून पिशव्यांना हात लावून बघत राहिल्या.

वेळ झाल्यावर त्यांनी पहिली पिशवी उघडली आणि तोंड पाण्यात आडवं धरलं. मासे आधी कडेला थबकले. मग एक गेला, मग त्याच्यामागे सगळे, एका करड्या झुळकीसारखे. पिशवी रिकामी झाली. दुसरी त्यांनी रंजीताच्या हातात दिली. "तू सोड."

तिनं तशीच आडवी धरली. थोडे गेले. मग थोडे आणखी. मग काहीच नाही. तळाचे पांढरे तिथेच डोलत होते. त्यांतला एखादा कल्ला हलवत असेल असं वाटून तिनं पिशवी हलवली. एक बाहेर आला आणि कडेवर पडून तरंगू लागला. तिनं पुन्हा हलवली. हात घालून एकाला बोटानं ढोसलं, सरळ केलं. तो पुन्हा आडवा झाला. तिनं पिशवीत ताजं पाणी भरलं, पुन्हा हलवली, पुन्हा, आणखी एकदा.

भागीरथाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे आता. किती हलवशीन?"

"एखादा असेल अजून..."

"तुह्यानं होत होतं तेवढं केलं ना तू? झालं मंग. सोड."

मनगटावरचा हात ओला आणि खरखरीत होता, आणि तो दाबत नव्हता, नुसता धरून होता. रंजीताच्या हातातून पिशवी सुटली. 'सोड' असं तिला आजवर कुणीही म्हटलं नव्हतं. ना डॉक्टरांनी, ना आईनं, ना प्रफुलनं. तिला रडू आलं, आणि ते माशांच्या मानानं फार मोठं होतं.

"आता काय झालं?" भागीरथाबाई घाबरल्या. "मी रागावली नाई ना तुले! अवो, दर साली मरतेत काही. आमच्या हातानंही मरतेत. पोरीची याद आली का?" त्यांनी ओटीतून कमळाची बोंडं काढून पुढे केली. "हे पाह्य, तुह्या रोशनीसाठीच तोडले. आतले दाने सोलून खाल्ले का गोड लागतेत."

रंजीतानं बोंडांकडे पाहिलं. हिरवी, चाळणीसारखी, प्रत्येक छिद्रात एक दाणा.

"मुलगी नाही मला, बाई," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. लेकरू नाहीच. खूप केलं, राहत नाही."

तलावापलीकडे एक बगळा उडाला आणि परत बसला. भागीरथाबाईंचा चेहरा बदलला नाही. त्यांनी ना देवाचं नाव घेतलं, ना वैद्याचं. हातातलं एक बोंड त्यांनी फोडलं, दाण्याची साल नखानं काढली, मधला कडू कोंब टाकून दिला.

"मंग तू खा," त्या म्हणाल्या.

दाणा कोवळा होता, ओल्या खोबऱ्यासारखा. दुसरा त्यांनी सोलून दिला, मग तिसरा. दोघी पाळीवर बसल्या. मेलेले मासे भागीरथाबाईंनी ओंजळीनं गोळा करून मोहाच्या मुळाशी ठेवले आणि वर पानं टाकली. "बीज सोडलं त्या दिवशी आमच्या घरी मासा शिजत नाई," त्या म्हणाल्या. "आज वरण-भातच मिळन तुले. जेवल्याबिगर जायाचं नाई."

"येते," रंजीता म्हणाली. "आधी एक फोन करू?"

"कर ना. मी जाऊ का तिकडे?"

"नको. बसा."

पहिल्यांदा फोन लागला नाही. ती उभी राहिली, पाळीच्या उंच टोकाशी दोन पावलं चढली, पुन्हा लावला. लांबून लुनाचा फटफट आवाज येत होता. खुशाल काहीतरी ओरडत येत होता आणि भागीरथाबाई त्याला हातानंच 'गप' म्हणत होत्या.

"बोल," प्रफुलचा आवाज आला. मागे जिनिंगची घरघर होती. "कुठे आहेस? जेवलीस?"

"आरमोरीजवळ. तलावावर. जेवते आता." तिच्या मुठीत कमळाचे दोन दाणे होते. "प्रफुल, तू म्हणाला होतास ना, मी म्हणेन ते."

मागची घरघर मंदावली. तो बाहेर आला असावा. "हो," तो म्हणाला.

"आपण आता थांबू या. मी परत नाही करणार."