धाकटीची कोठी

बोलू का, मित्रांनो? आधीच सांगून ठेवते, मी एकदा सुरू झाले की थांबत नाही. वर्षभर माळ्यावर बसायचं, कुणी बोलायला नाही, सोबतीला एक बंद पडलेला पंखा आणि पाहुण्यांच्या गाद्या, मग कुणी ऐकणारं भेटलं की असं भडाभडा होणारच ना!

तर मी एक पत्र्याची कोठी. आता जुनी झालेय, बुडाला गंज आहे, एका अंगाला पोचा आहे. पण साधीसुधी कोठी नाही हां मी. महालक्ष्मीची कोठी! आपल्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, थोरली आणि धाकटी, ते तर तुम्हाला माहीतच आहे. त्यांचे मुखवटे तेवढे पितळेचे असतात, अंग कुठून आणायचं? ते अंग म्हणजे आम्ही. पोटात गहू भरायचे, वरून साडी नेसवायची, मुखवटा ठेवायचा, की झालो देवी! तीन दिवस नथ, गजरा, पुरणपोळी, सगळी कॉलनी पाया पडते. चौथ्या दिवशी साडी उतरवतात आणि पुन्हा माळा.

जुन्या शहरात, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत मोतीराम पत्रेवाल्याचं दुकान होतं, तिथं आमचा जन्म. थोरली आधी केली त्यानं, आणि उरलेल्या पत्र्यात मला बसवलं, म्हणून मी बोटभर बुटकी राहिले. मुकुंदराव आणि नीरजाताई घ्यायला आले तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालेलं. नीरजाताई म्हणाल्या, "ही एक छोटी वाटते हो." मोतीराम म्हणाला, "ताई, धाकटी हाय ती, तिला मोठी करून कसं चालंल? आन् जोडीनंच न्या. एकटी कोठी मी कुणाला देत नाय, लई वंगाळ दिसती." तेव्हापासून माझ्याखाली एक पाट ठेवायचा, म्हणजे आम्ही दोघी सारख्या दिसतो.

या घराची एक रीत होती. मुखवटे दारातल्या तुळशीपासून आत आणायचे, हळदीकुंकवाच्या पावलांवरून. थोरली आणायची घरातल्या मोठ्या बाईनं. आणि धाकटी आणायची घरात जी सगळ्यात नवी आलीय तिनं. मुकुंदराव आतून विचारायचे, "कोण आलं?" बाहेरून उत्तर, "महालक्ष्मी आली." "कशाच्या पावलांनी?" "सोन्याच्या पावलांनी." पहिल्या वर्षी सासूबाईंनी, यमुनाबाईंनी, थोरली उचलली आणि नव्या नवरीनं, नीरजाताईंनी, धाकटी. हात असे लटलट कापत होते त्यांचे! यमुनाबाई गेल्या, मग नीरजाताई थोरली आणायला लागल्या आणि धाकटी आली मनूकडे.

मनू म्हणजे मनस्विनी, एकुलती एक लेक. आणि तुम्हाला खरं सांगू? माझी खरी मैत्रीण तीच. दरवर्षी गहू भरायच्या आधी मला आतून पुसायचं काम तिचं. ती डोकं घालायची पार आत, आणि पुसता पुसता बोलायची. कोठीत बोललं की आवाज घुमतो, तिला मजा वाटायची. "मी बाईंना खोटं सांगितलं," असं म्हणायची, की मी म्हणायचे, "सांगितलं... सांगितलं..." खो खो हसायची पोरगी.

मग ती कॉलेजात जायला लागली. त्या वर्षी डोकं आत घातलं आणि एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मला प्रेरणा आवडते. मैत्रीण म्हणून नाही. तशी."

माझ्या पोटात ते शब्द फिरले, फिरले, आणि तिच्याच कानावर परत गेले. तिला गव्हाच्या धुळीनं एक शिंक आली, मग रडू आलं, मग हसू आलं. मी काय करणार? पत्र्याला हात नसतात. पण त्या दिवसापासून माझ्या पोटात गव्हापेक्षा जड काहीतरी होतं आणि मला ते कुणाला सांगता येत नव्हतं. एकटं एकटं वाटणं म्हणजे काय, ते मला तिच्यामुळं कळलं.

मधल्या काळात शहर असं फुगलं म्हणता! आम्हीही गुलमंडीचं भाड्याचं घर सोडून शहराच्या कडेला, सातारा परिसरात फ्लॅटमध्ये आलो. लिफ्ट आहे, पार्किंग आहे, बाल्कनी आहे, पाणी तेवढं नाही. त्यात दुष्काळ. बिल्डिंगला टँकर यायचा, आणि त्याचा हॉर्न ऐकला की माणसं हातातला घास टाकून पळायची.

मनूनं घरी सांगितलं तेही अशाच एका सकाळी. माझा माळा स्वयंपाकघरातच, खाली टेबल, मला सगळं दिसत होतं. ती म्हणाली, "आई, बाबा, मला मुली आवडतात."

नीरजाताई पोहे ढवळत म्हणाल्या, "मग चांगलंय की! मलाही मुलगीच हवी होती."

"तसं नाही गं आई. लग्न करावंसं वाटतं, तशा. म्हणजे प्रेरणा."

झारा हातातच राहिला. आणि नेमका तेव्हाच खाली टँकरचा हॉर्न! मुकुंदराव दोन बादल्या घेऊन पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून पळाले. धापा टाकत परत आले, बादल्या ठेवल्या आणि म्हणाले, "हां, मग काय ठरलं?"

मनूला हसू फुटलं. नीरजाताईंना नाही फुटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "देवघरासमोर हे बोलू नकोस." थोड्या दिवसांनी मनू शहरातच छावणी भागात खोली घेऊन राहायला गेली, प्रेरणासोबत.

पण महालक्ष्म्यांना ती आलीच. पहिल्या दिवशी एकटी आली, धाकटी आणली. दुसऱ्या दिवशी जेवायला प्रेरणाला बोलावलं होतं. दौलताबादची पोरगी, पेरूच्या बागेवाल्या बद्रीनाथांची. उंच, केस आखूड, हसली की गालभर. आणि नीरजाताईंनी तिचा काय मान केला म्हणून सांगू! पाट, रांगोळी, उदबत्ती. पहिलं ताट तिला. "अहो, घ्या ना अजून एक पोळी, लाजू नका."

"काकू, लई झालं, आता पोट फुटंल."

"असं कसं, पाहुण्या तुम्ही!"

ती ताट उचलायला गेली तर हातातून काढून घेतलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं तर, "बसा हो तुम्ही बाहेर, फॅनखाली." निघताना हळदीकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली आणि म्हणाल्या, "लवकर तुमचं लग्न ठरू दे हं."

मी साडी नेसून उभी होते, मित्रांनो, सगळं बघत. इतका मान आणि पोरीचा चेहरा मात्र असा उतरलेला, की ती ओटी तिला पेलवत नव्हती. पाहुणीची ओटी भरतात. घरातल्या बाईला कुणी फॅनखाली बसवत नाही, तिला म्हणतात, ये, करंज्या तळ. हे मला कळलं, मनूलाही कळलं.

ती दारात आईला म्हणाली, "तू तिला हाकलली असतीस ना, तर मी भांडले तरी असते. तू तिला पाहुणी करून वाटेला लावलंस. आता ती जिथं पाहुणी, तिथं मीही. पुढच्या वर्षी वाट बघू नकोस."

पुढचा उन्हाळा फार वाईट गेला. टँकरसुद्धा खाडे करायला लागला. घरातली पातेली, डबे, सगळं पाण्यानं भरून ठेवायचे, तेही कमी पडायला लागलं. मग एक दिवस नीरजाताईंनी मला खाली काढलं, धुतलं, बाल्कनीत ठेवलं आणि पोटात पाणी भरलं. एकटीलाच. थोरली वरच राहिली. पहिल्यांदाच आम्ही दोघी वेगळ्या झालो. ऊन पडायचं, पत्रा तापायचा, पाणी पोटात डुचमळायचं आणि बुडाशी गंज धरायला लागला तो मला रोज कळायचा. झाकण उघडायचं, मग्गा आत यायचा आणि जायचा. एक शब्द नाही! मग्ग्याशी काय बोलणार?

भाद्रपद आला. आत गडबड सुरू झाली, फुलोऱ्याच्या करंज्यांचा वास आला. मी वाट बघतेय, आता नेतील, आता पुसतील. नाहीच नेलं. टँकर आला तर पाणी कशात भरायचं, हा प्रश्न होता. माझ्या जागी त्यांनी पाटावर प्लास्टिकचा, पाणी न धरणारा फुटका ड्रम उपडा ठेवला आणि माझी जांभळी साडी त्याला नेसवली. बाल्कनीच्या जाळीतून मला दिसत होतं. थोरली तिथं, शेजारी निळा ड्रम. लई वंगाळ दिसत होतं, मोतीराम म्हणाला होता तसंच.

दिवेलागणीला शेजारच्या केसरबाई हळदीकुंकवाला आल्या. नीरजाताईंनी थोरली उचलली. "कोण आलं?" "महालक्ष्मी आली." थोरली बसली. मग त्या परत दाराशी गेल्या. धाकटीचा मुखवटा तुळशीपाशी, एकटा. आतून मुकुंदरावांनी विचारलं, "कोण आलं?"

उत्तरच आलं नाही.

त्यांनी परत विचारलं, आवाज जरा बारीक झाला होता. "अगं, कोण आलं?"

नीरजाताई मुखवटा तिथंच ठेवून आत आल्या, तडक बाल्कनीत. तोंडावर पाणी मारायला म्हणून माझं झाकण काढलं. पाणी तळाशी गेलेलं, म्हणून आत वाकल्या, पार खांद्यापर्यंत, अगदी मनू वाकायची तशा. आणि तिथं, जिथं कुणाला दिसणार नाही, तिथं त्या म्हणाल्या, "मनू!"

मी काय करणार? मला एकच येतं. मी म्हणाले, "मनू... मनू... मनू..."

माझ्या पाण्यात दोन-चार थेंब खारट पडले. मग बाहेर आल्या, पदरानं डोळे पुसले आणि फोन लावला.

"मनू, धाकटी दारात थांबलीय. तू ये. आणि तिला घेऊन ये. नाही गं, जेवायला नाही. धाकटीला आत आणायला."

केसरबाई आतून म्हणाल्या, "अहो, मुहूर्त टळेल ना!"

"टळू द्या. धाकटीला सवय आहे वाट बघायची," नीरजाताई म्हणाल्या.

स्कूटर आली तेव्हा बिल्डिंगचे दिवे लागले होते. प्रेरणा दारात उभी, जीन्स, वर कुर्ता उलटा घातलेला, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"पेढे कशाला आणलेस?"

"रिकाम्या हातानं कसं यायचं, काकू."

"रिकामेच हात हवेत मला. ठेव तो डबा तिकडं. पाहुणीसारखी उभी काय राहिलीस? पाय धू."

मनूनं आईकडं बघितलं. अहो नाही, जाहो नाही! एका वाक्यात किती रागावल्या होत्या त्या प्रेरणाला, आणि मनूचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. पाय धुवायला पाणी आणलं ते माझ्यातलं. "जपून गं, खाली परात ठेव, तेच झाडांना घालायचंय," हेही नीरजाताईंनी सांगितलंच.

मनूनं ड्रम बघितला आणि ओरडली, "ए बाबा, माझी कोठी कुठाय?" मुकुंदराव धावत आले. उरलेलं पाणी बादलीत काढलं, मला कोरडं करून गहू भरले, ड्रमाची साडी सोडून मला नेसवली. पाटावर ठेवलं तर मी डगडगायला लागले, बुडाचा काठ गंजानं खाल्लेला. प्रेरणानं इकडं तिकडं बघितलं, पेढे एका ताटलीत ओतले, रिकामा बॉक्स दुमडला आणि माझ्याखाली सारला. बसले मी घट्ट!

मग नीरजाताईंनी मुखवटा उचलून तिच्यासमोर धरला. ती दोन पावलं मागं सरली. "काकू, मला नाय येत. पडला बिडला तर?"

"मला तरी कुठं येत होतं? खालून धर. अशी."

केसरबाईंना राहवलं नाही. "अहो, पण ही कोण? धाकटी तर घरातलीनं आणायची ना?"

मनूनं श्वास धरला. पत्र्याला श्वास असता तर मीही धरला असता.

नीरजाताई म्हणाल्या, "ही आमच्या मनूची जोडीदार. म्हणजे घरातलीच. आणि केसरबाई, तुम्ही बसा ना फॅनखाली, पाहुण्या तुम्ही आहात."

प्रेरणा पावलांवरून निघाली, हात लटलट कापत होते, अगदी नव्या नवरीसारखे. आतून मुकुंदरावांनी विचारलं, "कोण आलं?" आणि या वेळी बाहेरून तीन आवाजांत उत्तर आलं.

तर मित्रांनो, आता मी परत माळ्यावर आहे. खोटं कशाला बोलू, इथं करमत नाही. पंखा बोलत नाही, गाद्या झोपलेल्या. पण थोरली शेजारी आहे. आणि वर ठेवायच्या आधी मला पुसायला दोन डोकी आत आली होती, एकमेकांवर आपटली, आणि प्रेरणा माझ्या पोटात जोरात ओरडली, "कोण आलं?"

मी म्हणाले, "आलं... आलं... आलं..."

तुमच्याही घरात माळ्यावर कुणी असेल. पत्र्याचं असेल तर कोरडं पुसून ठेवा, पाण्यानं सडवू नका. आणि माणूस असेल, दारात उभं असेल, तर त्याला नुसता मान देऊन परत पाठवू नका. हातात काहीतरी द्या उचलायला.

आणि अधूनमधून झाकण उघडून हाक मारत जा. मी इथंच आहे.